पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

डोळ्यांच्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, औषधांच्या कोठीला चिकटून, एक खोली होती. एक टेबल, एक संगणक, दोन लोखंडी कपाटं आणि गाळणीबाई, एवढा तिथला ऐवज. बाईचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. सफाईवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला गाळणीबाईच म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही निमूट ‘ओ’ देई.

नावामागची गोष्ट तशी साधी होती. शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या माणसांची यादी ठेवणं हे तिचं काम. आधी ती यादी जाड वह्यांमध्ये असायची. मग वह्या गेल्या आणि संगणक आला, आणि त्याच्या मागून तो शिकवायला एक कॉम्प्युटरवाला आला. जाडा, घामाघूम, सतत दुसरीकडे कुठेतरी पोचायची घाई असलेला. त्याने पडद्यावर यादी उघडली आणि वरच्या शीर्षकाच्या ओळीतले बारीक बाण दाखवले. बाणावर टिचकी मारली की खाली एक चौकट उघडायची. त्या रकान्यात जे जे शब्द लिहिले असतील ते सगळे तिथे एकेकदा, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. नको त्या खुणा काढायच्या, हवी ती ठेवायची. बटण दाबलं की बाकीच्या ओळी गायब.

“अगं बाई, गेल्या कुठे?” ती खुर्चीतून अर्धी उठलीच.

“गेल्या नाहीत हो. झाकल्यात. चहाची गाळणी असते ना, तसंच.”

“गाळणीत चोथा उरतो,” ती म्हणाली. “माणसं काय चोथा आहेत?”

कॉम्प्युटरवाल्याला इतकं हसू आलं की जाता जाता त्याने ते तीन मजल्यांवर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती गाळणीबाई झाली. पण जाण्याआधी त्याने एक कामाची गोष्ट सांगितली होती. “डावीकडे ओळींचे आकडे असतात ना, ते निळे दिसले की समजायचं, काहीतरी झाकलेलं आहे. काळे असले की सगळं उघडं.” बाईने ते एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवलं. पुढे चिठ्ठीचा गोंद वाळला, ती गळून पडली, आणि आकडे तर रोजच निळे दिसायला लागले. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं?

बाईचा या गाळणीवर जीव जडला. त्याला कारण होतं, आणि ते फार सुखाचं नव्हतं. वह्यांच्या काळात यादीत नावं घुसवली जात. दोन ओळींच्या मधल्या जागेत, मुंगीएवढ्या अक्षरात. कोणाच्या मेहुण्याचं, कोणाच्या शेजाऱ्याच्या सासूचं. त्या वेळचे साहेब चिठ्ठी पाठवायचे आणि बाई लिहायची, कारण ती नवी होती आणि नोकरी हवी होती. लेथवर काम करणारा एक माणूस तेव्हा रोज खिडकीवर येऊन विचारायचा, “बाई, माझ्यापुढे किती राहिले?” सोमवारी नऊ असायचे, गुरुवारी अकरा. त्याला हिशेब कळेना. मग तो बायकोच्या कोपराला धरून यायला लागला, आणि मग यायचाच थांबला. त्या अकरातली दोन नावं बाईच्या अक्षरातली होती. हे तिने फक्त एका माणसाला सांगितलं होतं, आणि तो माणूस म्हणजे तिची ताई.

संगणकात दोन ओळींच्या मध्ये जागा नसते. तारखेप्रमाणे लावा, ‘शेरा’ नावाच्या रकान्यात जे थांबलेत ते गाळून घ्या, वरचे दहा बोलवा. “याला मामा नाही, मेहुणा नाही,” ती पडद्यावर हात ठेवून म्हणायची. आणि तिने स्वतःला एक नियम घालून घेतला. ओळखीच्या माणसाची ओळ कधी उघडून बघायची नाही. बघितली की हात शिवशिवणार, आणि हात शिवशिवला की आपण पुन्हा त्याच वहीत.

नियम फार चांगला होता. मला आजही त्यात खोट काढता येत नाही, आणि त्याचाच संताप येतो.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ताईने शाळा सोडली आणि काज-बटणाचं काम धरलं. शिंप्यांकडून शर्टांचे गठ्ठे यायचे, ताई काजं करायची, बटणं लावायची. त्यावर दोघी जगल्या आणि धाकटी शिकली. धाकटीला अक्षरंसुद्धा ताईनेच शिकवली, मांडीवर पाटी घेऊन. “ही बघ, डावीकडून येते ती पहिली वेलांटी. उजवीकडून येते ती दुसरी. पहिली पटकन म्हणायची, दुसरी लांबवायची.” धाकटी म्हणायची, “पण कुठे कुठली द्यायची?” ताई म्हणायची, “ते तुझ्या बाई सांगतील. मला तेवढं शिकायला मिळालं नाही.” दोघींचीही लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत ते विचारायला नातेवाईक पुष्कळ होते, स्थळ आणायला कोणी नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात दोघी राहिल्या, एकमेकींवर खेकसत आणि एकमेकींसाठी चहा झाकून ठेवत.

ताईचा उजवा डोळा काचबिंदूने गेला तेव्हा कोणाला कळलंही नाही, ताईलासुद्धा. काचबिंदू दुखत नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने खात येतो. ताईला वाटलं, वय झालं. डावा डोळा तपासला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “याचाही दाब वाढलाय. थेंब देते, पण थेंबांवर फार दिवस भागणार नाही. तीन-चार महिन्यांत शस्त्रक्रिया व्हायला हवी. गेलेली नजर येत नाही, आहे ती वाचवायची.” त्यांनी कागदावर लिहून दिलं, कागद खिडकीवर गेला, खिडकीवरून बाईच्या यादीत आला. इतर कोणाचाही येतो तसाच.

“मग आता?” ताईने घरी विचारलं.

“आता नंबर.”

“तुझ्याच यादीत ना?”

“माझी कसली? इस्पितळाची यादी. तारखेप्रमाणे येईल.”

“मी कुठे म्हणतेय मला पुढे घाल म्हणून?” ताई फणकारली. “नुसतं आहे ना नाव, तेवढं विचारलं.”

“आहे. आणि मी बघणार नाही.”

आता एका प्रूफवाल्या आजोबांकडे यायला हवं. त्यांनी कोणाचं काही वाईट केलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून त्यांचे डोळे थकले होते. एका सोमवारी ते खिडकीपाशी उभे होते आणि भिंतीवरचा फलक भिंगातून वाचत होते. फलक बाईनेच लिहून घेतला होता : ‘शस्त्रक्रिया प्रतिक्षा यादी’. आजोबा चौकशी करत करत तिच्या खोलीपर्यंत आले.

“फलक तुम्ही लिहिलात?”

“हो. का?”

“प्रतीक्षा. ‘ती’ दीर्घ. तुम्ही ऱ्हस्व काढलाय.” ते अगदी सौम्यपणे म्हणाले. “बाकी अक्षर सुंदर आहे हो.”

बाईचा चेहरा पडला. शुद्धलेखनाचा तिला अभिमान होता, त्याहून दुसरं मिरवायला तिच्याकडे फारसं नव्हतं. आणि हा शब्द तर ती वर्षानुवर्षं दिवसातून शंभर वेळा लिहीत होती. थांबलेल्या प्रत्येक माणसापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, ‘प्रतिक्षा’. शेकडो लोकांपुढे आपण आपलं अज्ञान ठोकून ठेवलंय असं तिला झालं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. घरी ताई चिडवायला लागली, “वेलांटीवरून उपास? बारके, मी तुला दोन्ही शिकवल्या होत्या. कुठे कुठली, ते तुझ्या बाईंनी सांगायचं होतं.”

त्याच रात्री ताईने एक पाकीट पुढे केलं. तिचा रक्ताचा अहवाल आला होता. तो दिल्याशिवाय शस्त्रक्रियेला बोलवत नसत. “तू उद्या जातेच आहेस, तर घेऊन जा ना. मला दोन बस बदलाव्या लागतात.”

बाईने पाकिटाला हात लावला नाही. “खिडकीवर रांगेत उभी राहून दे. मी नेला तर मी मध्ये हात घातल्यासारखं होईल.”

“अगं, पाकीट नेण्यात कसला आलाय हात?”

“सवयीला सुरुवात तिथूनच होते.”

ताईने पाकीट परत पिशवीत ठेवलं. मंगळवारी शर्ट द्यायचे होते, बुधवारी पाय दुखत होता. ती गुरुवारी गेली.

बाईने चूक सुधारली ती मंगळवारी सकाळी. आल्या आल्या फलकवाल्याला बोलावलं आणि मग संगणक उघडला. एक शब्द शोधून त्याच्या जागी सगळीकडे दुसरा घालायची सोय त्यात असते, ती तिला येत होती. वरच्या चौकटीत पहिल्या वेलांटीचा शब्द, खालच्या चौकटीत दुसऱ्या वेलांटीचा. ‘सर्व बदला’ दाबलं. पडद्यावर आलं, चारशे पंच्याहत्तर ठिकाणी बदल केला. तिला इतकं हलकं वाटलं की तिने स्वतःसाठी दुसरा चहा मागवला.

त्या दिवशी यादीत पाचशे बारा माणसं थांबलेली होती. हा आकडा तिला तोंडपाठ होता. आदल्याच दिवशी तिने तो साहेबांच्या अहवालात लिहिला होता. चारशे पंच्याहत्तर तिने वाचला, आणि ‘ठीक’ दाबलं.

डॉक्टरीणबाईंनी सोमवारी संध्याकाळी, ज्यांचे रक्ताचे अहवाल आलेत अशांचीच यादी मागितली होती. बाईने गाळणी लावून ती काढून दिली होती, आणि गाळणी तशीच राहिली होती. डावीकडचे आकडे निळे होते. ‘सर्व बदला’ म्हटलं की संगणक फक्त समोर दिसणाऱ्या ओळी बदलतो, झाकलेल्यांना शिवत नाही. अहवाल बाकी असलेली सदतीस माणसं झाकलेली होती. त्यांच्यापुढे जुनाच शब्द राहिला, पहिल्या वेलांटीचा.

शेऱ्याच्या रकान्यातली यादी एव्हाना मारुतीच्या शेपटासारखी लांबली होती. ‘फोन लागत नाही’, ‘सर्दी, परत पाठवले’, ‘मुलगा विचारून सांगतो’, ‘गावी’, ‘गावी गेले’, ‘गावाला’. इतक्या खुणा काढत बसायला कोणाला वेळ आहे? म्हणून बाई बाण दाबून उघडलेल्या चौकटीत वरती शब्दच टाइप करायची. तेवढाच शब्द खाली यायचा, त्याच्यावर खूण, की झालं. आता ती रोज सकाळी तिथे ‘प्रतीक्षा’ टाइप करायला लागली. दुसरी वेलांटी. ती देताना तिला मनातल्या मनात बरं वाटायचं, आणि प्रूफवाले आजोबा आठवायचे. आजोबांचा नंबर वेळेवर आला. जाताना ते नव्या फलकाखाली थांबले, भिंगातून वाचलं, आणि तिच्या खोलीत डोकावून म्हणाले, “आता निर्दोष.”

सदतीस माणसांचे अहवाल एकेक करून आले. खिडकीवाल्याने ते आपल्या संगणकावर नोंदवले. माणसं थांबली. त्यातली काही खिडकीवर येऊन विचारत. खिडकीवाला वाईट नव्हता, पण दिवसाला दीडशे जण तेच विचारायचे, आणि त्याच्याकडे एकच उत्तर होतं, “यायचाय अजून.” खरं म्हणजे त्याने खोटं काहीच सांगितलं नाही.

इकडे साहेब खुशीत होते. एका महिन्यात थांबलेल्यांचा आकडा एकदम उतरला. साहेबांनी भिंतीवर आलेख लावला आणि बैठकीत बाईचं नाव घेतलं. नाव म्हणजे गाळणीबाईच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई लाजली, आणि घरी येऊन ताईला सांगितलं. ताई म्हणाली, “मग आता लवकर येईल नंबर.”

चौथा महिना गेला. ताई सुईत दोरा ओवायला वेळ लावू लागली. मग रविवारी बाई तिला वीस सुया ओवून उशीत टोचून ठेवायला लागली, आठवडाभराच्या. पाचव्या महिन्यात ताई म्हणाली, “बारके, एकदा खिडकीवर विचारून येऊ का?”

“कशाला दोन बस बदलून जातेस? विचारल्याने नंबर सरकत नाही.”

“तसं नाही. कधीकधी वाटतं, आपलं नाव सुटलं तर नाही?”

“यादीतून कोणी सुटत नाही, ताई. ते वहीच्या काळात. आता गाळणी आहे.”

सहाव्या महिन्यात पुन्हा तेच झालं. या वेळी ताई चपला घालून दारात उभी होती आणि बाईने तिला मागे वळवलं. “माझ्यावर विश्वास नाही का?” असं विचारलं. असा प्रश्न आला की ताईसारखं माणूस काय करणार? तिने चपला काढल्या.

बाईला काही दिसत नव्हतं असं नाही. ताई कप ठेवताना टेबलाची कड आधी हाताने चाचपायची. जिन्यावर पाय आपटून पायरी शोधायची. शिंप्याने दोनदा निरोप पाठवला की काजं वाकडी येतायत. रोज सकाळी टेबलाशी बसल्यावर बाईची बोटं त्या चौकटीत ताईचं नाव टाइप करायला यायची, आणि ती त्यांना परत ओढायची. अशा वेळी तिला लेथवाला आठवायचा. आपण त्याचं देणं फेडतोय असं तिला वाटायचं. फेडत होती ताई.

आठव्या महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, ताई खिडकीपाशी खुर्ची घेऊन शर्टाला बटणं लावत होती. बाई भाजी निवडत होती. ताई काम करताना नेहमी बोलायची, तशी बोलत होती. शेजारणीच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. सुई वर-खाली होत होती, चार टाके, गाठ, पुढचं बटण. वर्षानुवर्षांचा हात, त्याला डोळे लागतच नव्हते. सातवं बटण झालं तशी ताईने शर्ट उचलून झटकला.

सातही बटणं टपटप जमिनीवर पडली.

सुईत दोराच नव्हता. तो कधीतरी निसटला होता, किंवा उशीतून न ओवलेलीच सुई हाताला आली होती. ताई अर्धा तास रिकामी सुई कापडातून आरपार काढत होती. “काय पडलं गं?” ताईने विचारलं. बाईने बटणं वेचली. एक कपाटाखाली गेलं होतं, तेही काढलं. “काही नाही,” ती म्हणाली, “डबा सांडला.” ताई शर्टावरून बोट फिरवत होती. सातही जागी फिरवलं. शेजारणीच्या सुनेचं पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही.

सोमवारी बाईने नियम मोडला. तिने नोंदणीच्या तारखेवरून बघायचं ठरवलं, म्हणजे नुसतं किती पुढे आहेत तेवढं कळेल, ओळ उघडायला नको. बघा, तेव्हाही ती पळवाट शोधत होती! ताईच्या तारखेच्या आसपास थांबलेलं कोणीच नव्हतं. आधीचेही नाहीत, नंतरचे दोन महिनेही नाहीत. सगळ्यांचं झालेलं. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. बाण दाबला, चौकटीत शब्द टाइप करायला घेतला, आणि ‘प्रत’ एवढंच टाइप होऊन बोट थांबलं.

खाली दोन शब्द आले.

प्रतिक्षा.
प्रतीक्षा.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. दोन्ही तसेच. तिने खालच्याची खूण काढली, वरच्याची ठेवली. पडद्यावर सदतीस ओळी आल्या. ताई नववी होती.

त्या क्षणी बाईला सगळं समजलं. मंगळवारची सकाळ, चारशे पंच्याहत्तर, दुसरा चहा. पाकीट मंगळवारी तिने आणलं असतं, तर येताच त्याची नोंद झाली असती. ताईची ओळ उघडी राहिली असती, वेलांटी बदलली असती, आणि चौथ्या महिन्यात नंबर आला असता. बाकीचे छत्तीस मात्र तरीही झाकलेलेच राहिले असते. त्या छत्तीसांसाठी रडावं की एकीसाठी, तेही तिला कळेना, आणि रडू तर आलंच नाही.

सदतीस नावांचा कागद घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी दोनदा ऐकलं. मग भिंतीवरच्या आलेखाकडे बघितलं.

“वेलांटीमुळे?”

“हो साहेब.”

“म्हणजे तांत्रिक त्रुटी.”

“तांत्रिक नाही. माझी.”

“बाई,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले, “तुमची म्हटलं की तुमची चौकशी, मग माझी. त्याने कोणाला दिसायला लागणार आहे का? सगळ्यांना ताबडतोब बोलवा. पत्रात ‘काही तांत्रिक कारणामुळे’ असं घाला.”

तिने सदतीस पत्रं टाइप केली. प्रत्येकात ‘काही तांत्रिक कारणामुळे’ घातलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पुढच्या तीन आठवड्यांत माणसं आली. काहींना वेळेवर गाठलं, काहींना नाही. दोन पत्रं परत आली. जी माणसं आली त्यांनी डॉक्टरीणबाईंचे आभार मानले, खिडकीवाल्याचेसुद्धा मानले. शिव्या कोणीच दिल्या नाहीत, आणि बाई रोज त्यांचीच वाट बघत होती.

ताईला तिने पहिल्याच दिवशी नेलं. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, अंधाऱ्या खोलीत बराच वेळ डोळ्यात प्रकाश टाकून बघितलं. मग दिवा लावला आणि बाईकडे न बघता ताईशी बोलल्या.

“आत्ता किती दिसतं?”

“तुम्ही आहात एवढं दिसतं. तोंड नाही दिसत.”

“डोळ्यामागची शीर वाळलीय. शस्त्रक्रिया केली तर दाब उतरेल, पण नजर येणार नाही. हे जे दिसतंय तेही किती दिवस राहील सांगता येत नाही. चार महिने आधी आला असतात तर…”

“नंबर नव्हता आला,” ताई म्हणाली. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

परत येताना दोन्ही बसमध्ये ताईने बाईचा कोपर धरला होता. घरी आल्यावर बाईने चहा केला, कप ताईच्या हातात दिला आणि समोर बसून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. पाकीटसुद्धा सांगितलं. ताई ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, “त्या दिवशी मी चपला घातल्या होत्या बघ.” बाई म्हणाली, “हो.” चहा तसाच निवला.

“कुठली चुकली होती?” ताईने विचारलं.

“काय?”

“वेलांटी.”

“पहिली होती. दुसरी हवी होती.”

“काढून दाखव.” ताईने तळहात पुढे केला. सुया टोचून टोचून निबर झालेली बोटं, त्यांच्यापुढे मऊ तळवा. बाईने त्यावर बोटाने ‘त’ काढला आणि डावीकडून वेलांटी दिली. “ही पहिली.” मग तळव्यावरून हात फिरवला, पाटी पुसावी तसा, आणि पुन्हा ‘त’ काढून उजवीकडून वेलांटी दिली. “ही दुसरी.”

“परत काढ.”

तिने परत काढल्या, सावकाश, जोर देऊन. आधी पहिली, मग दुसरी. ताई मान एका बाजूला करून लक्ष देत होती.

“मला तर दोन्ही सारख्याच लागतायत गं,” ती म्हणाली, आणि हात मागे घेतला.